चौकटीच्या वहीतला मुलूख

कॅनडातल्या सस्कटूनला जानेवारीत पारा उणे तीसवर गेला की शेजारी हॉकी बघत बसतात, मी जुने टोपो नकाशे (जमिनीचे चढउतार, घरं, रस्ते दाखवणारे) उघडतो. बायको याला 'सातबारा वाचणं' म्हणते.

पहिल्या नजरेला नकाशा म्हणजे गणिताची चौकटीची वहीच वाटते. 1871 पासून मोजणीदार ही प्रेअरी, म्हणजे इथला सपाट गवताळ मुलूख, मैलामैलाच्या चौरसांत कापत गेले. त्यातला चतकोर म्हणजे 160 एकर. 1872 च्या कायद्याने तो दहा डॉलर भरून मिळे. अट एवढीच, की तिथे राहायचं आणि जमीन कसायची. माझं डोकं अजून गुंठ्यातच चालतं. 6400 गुंठे! आमच्या भावकीत अडीच गुंठ्यांपायी दोन पिढ्या एकमेकांशी बोलत नाहीत. गंमत म्हणजे इथली मोजणीची साखळी 66 फुटांची, आणि तिच्या निम्म्याचा चौरस म्हणजे बरोब्बर आपला गुंठा.

मग रेल्वे आली. आपल्याकडे गाव आधी आणि गाडी मागून, इथे उलटं. ग्रँड ट्रंक पॅसिफिक या रेल्वे कंपनीने तर स्टेशनांना इंग्रजी वर्णमालेने नावं दिली. वॉट्रस, झीना (एक्सने सुरू होणारं), यंग, झेल्मा. झेड संपला? मग पुन्हा ए पासून: ॲलन, ब्रॅडवेल, क्लॅव्हेट. हजेरीपटावरून गावं वसवल्यासारखी! आता त्याच भागाचा नवा नकाशा शेजारी ठेवावा. घरांचे काळे ठिपके विरळ होतात, एकखोली शाळा जाते, धान्याचं एलिव्हेटर (रुळांकाठचं उंच कोठार) जातं, कुठे रूळही जातात. स्मशानभूमीची खूण तेवढी बहुतेक वेळा जागच्या जागी.

माझं बोट मात्र दर वेळी बटोश गावाला जाऊन थांबतं. तिथे साउथ सस्कॅचेवान नदीकाठी चौकटी मोडतात आणि लांबट, अरुंद पट्ट्या सुरू होतात. ही मेटी लोकांची (मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजाची) वहिवाट: प्रत्येकाला थोडी नदी, थोडं रान, मागे गवत. सरकारी चौरसांत ती बसेना. पूर्वेला रेड नदीकाठी 11 ऑक्टोबर 1869 ला मोजणीदार असेच एका मेटी शेतकऱ्याच्या कुरणात शिरले, तेव्हा मेटींचा पुढारी लुई रिएलने त्यांच्या साखळीवर पाय ठेवून मोजणी थांबवली होती. 1885 मध्ये बटोशला सरकारी फौजेशी लढाई झाली, मेटी हरले, आणि त्याच नोव्हेंबरात रिएलला रिजायनात फाशी दिलं.

नकाशावर त्या पट्ट्या अजून तिरक्याच आहेत.