नाशिकरोड ते काठमांडू व्हाया लुंबिनी: दोघी मैत्रिणी, 11 दिवस, साडेतेरा हजार

आधी पैशांचं सांगून टाकते कारण आल्यापासून सगळे तेच विचारतायत. नाशिकरोडहून निघून परत नाशिकरोडला उतरेपर्यंत एकीचे साडेतेरा हजार गेले, त्यात आईला आणलेली शाल पण आली. विमान नाही, एसी नाही, जेवण जिथे ट्रकवाले जेवतात तिथे. जमतं. दोघी असाल तर रूमचे पैसे अर्धे होतात आणि रात्री बस स्टँडवर एकीला झोप लागली तरी दुसरी जागी असते.

आता का गेलो ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. गेल्या वर्षी माझे बाबा गेले. आम्ही पंचवटीतले, रामकुंड घरापासून चालत सात मिनिटं, त्यामुळे दशक्रिया, मुंडण केलेली माणसं, पिंड, कावळे हे सगळं शाळेत जाता-येता बघितलेलं, त्याचं कधी काही वाटायचं नाही. पण बाबांच्या दहाव्याला कावळा शिवेना. पाऊण तास झाला. दादा हात जोडून एकेक कबूल करत होता, आईला सांभाळीन, घर विकणार नाही, हिचं लग्न करून देईन, आणि प्रत्येक वेळी सगळेजण माना वर करून झाडाकडे बघायचे. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. मी तिथे ओल्या फरशीवर उभी होते आणि डोक्यात एकच, की ज्या माणसाने आयुष्यात आमच्याकडे कधी चहासुद्धा मागितला नाही, स्वतः उठून करून घेतला, तो आता कावळ्याकडून अटी घालेल? हे घरात कोणापाशी बोलता येईना. सोमवार तसेच धरत राहिले, श्रावणात त्र्यंबकला पण जाऊन आले, पण खरं सांगायचं तर भक्ती म्हणून नाही, सोडलं तर काहीतरी वाईट होईल या भीतीने.

मैत्रीण कॉलेजपासूनची, नाशिकरोडची, घर बौद्ध. तिच्या आजीचं लुंबिनीला जायचं राहून गेलंय, आता पाय साथ देत नाहीत, म्हणून ती म्हणाली मी जाऊन येते, चलतेस का. मी म्हटलं मग काठमांडूला पशुपतिनाथ पण करू. असं ठरलं.

गाडीचं. मुंबईच्या एलटीटीहून (लोकमान्य टिळक टर्मिनस) गोरखपूरला जाणाऱ्या काशी आणि कुशीनगर दोन्ही नाशिकरोडला थांबतात. रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी करा, आणि दिवाळी-छठच्या दिवसांत या गाड्यांच्या वाटेला जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी गेलो. डिसेंबर-जानेवारीत तिकडे धुकं पडतं आणि गाड्या तासनतास लेट होतात. घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा नेला होता, दीड दिवस तेवढ्यावर निघाला.

गोरखपूर स्टेशनजवळून सोनौलीच्या, म्हणजे नेपाळ बॉर्डरवरच्या गावाच्या बस मिळतात, साधारण तीन तास. जीपवाले मागे लागतात, लेडीज आहात लवकर पोचवतो वगैरे, आम्ही सरळ सरकारी बसमध्ये बसलो. बॉर्डर चालतच ओलांडायची, मोठी कमान आहे, तिच्या पलीकडे नेपाळ. आपल्याला व्हिसा लागत नाही पण पासपोर्ट किंवा मतदान ओळखपत्र ओरिजिनल जवळ ठेवा, आधारवर विसंबू नका. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. 100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी हा दर ठरलेला आहे, तरी बॉर्डरवरच्या एका पैसे बदलणाऱ्याने आम्हाला शंभराला दीडशेच दिले आणि आम्ही दोघी दमलेल्या, नोटा नीट मोजल्याच नाहीत. थोडेच बदला, मोजून घ्या. बरेच दुकानदार आपली शंभराची नोट तशीच घेतात. पाचशे-दोनशेच्या नोटांचे नियम बदलत असतात म्हणून शंभराच्या नोटांचं बंडल घरूनच न्या. काठमांडूत बऱ्याच ठिकाणी क्यूआरला आपलं यूपीआय चालतं पण त्याच्यावर राहू नका. सिमकार्ड बॉर्डरपलीकडच्या भैरहवा शहरात घ्या, ओळखपत्र आणि पासपोर्ट साईज फोटो लागतो.

लुंबिनी बॉर्डरपासून साधारण 25 किलोमीटर, लोकल बसने जाता येतं. राहायला कोरियन विहार. मोठ्या हॉलसारख्या खोल्या, गाद्या, तीन वेळचं जेवण ठरलेल्या वेळेला, भात, भाजी, किमची, आपली ताटली आपण धुवायची. पैसे अगदी थोडे. वेळ चुकली की जेवण नाही, हे लक्षात ठेवा. आत सायकल भाड्याने घ्या, परिसर फार मोठा आहे. केन्झो तांगे नावाच्या जपानी आर्किटेक्टने 1978 मध्ये त्याचा आराखडा केला, मधोमध कालवा, पूर्वेला थेरवादी देशांचे विहार, पश्चिमेला महायान (हे बौद्धांचे दोन मोठे पंथ), आणि उत्तर टोकाला जपान्यांचा पांढरा शांती स्तूप. सगळे विहार एका दिवसात उरकायचा हट्ट करू नका, आम्ही चार बघितले आणि बाकी वेळ मायादेवी मंदिराजवळ बसून राहिलो.

मंदिरात चपला बाहेर, फोटो बंद. आत जुन्या विटांचे पाये, त्यांच्या भोवतीने लाकडी पुलावरून रांग पुढे सरकते आणि एका ठिकाणी वाकून खाली बघायचं, काचेखाली एक ओबडधोबड दगड. हीच जन्माची जागा असं मानतात. दागिने नाहीत, साधा दगड. मैत्रिणीने आजीने दिलेली पांढरी मेणबत्ती बाहेर लावली, फोनवर आजीला व्हिडिओ कॉल केला, आजी पलीकडून नुसतं “बरं झालं गं बाई, बरं झालं” म्हणत होती आणि ही माझ्याकडे पाठ करून उभी होती.

मंदिराला लागूनच अशोकाचा खांब. 1896 मध्ये परत सापडला. त्याच्यावर ब्राह्मीत साडेचार ओळी आहेत, राजा राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर स्वतः इथे आला, इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले म्हणून लुंबिनी गावाचा कर माफ केला आणि पिकाचा फक्त आठवा हिस्सा घ्यायचं ठरवलं. मी सीएच्या ऑफिसात दिवसभर जीएसटीचे रिटर्न भरते, मला ती ओळ तिथेच लागून राहिली. राजा आला, त्याला श्रद्धा वाटली, तर त्याने नवस नाही बोलला, गावाचं ओझं कमी केलं. आपल्या पांडवलेणीत पण ब्राह्मीच आहे, सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे तीन नंबरच्या लेण्यात, शाळेच्या सहलीला कितीदा गेलो असू पण त्या भिंतीवर काय लिहिलंय हे कोणाला विचारायचं सुचलं नव्हतं. प्रश्न विचारायची सवयच नव्हती, खरं तेच आहे.

त्या संध्याकाळी कालव्याच्या काठावर बसलो होतो. मी सहज म्हटलं, तू काळाराम मंदिरात कधी आलीच नाहीस ना गं. ती म्हणाली नाही. थोडं थांबून म्हणाली, “पण तू तरी कधी बोलावलंस?” दहा वर्षांची मैत्री. ती आमच्या घरी जेवलेली, बाबांच्या आजारपणात दवाखान्यात रात्री बसलेली, आणि मंदिर आमच्या गल्लीच्या तोंडाशी. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा दरवाज्यात बसलेल्यांमध्ये तिचे पणजोबा होते, हे तिने मला तिथे, परदेशात सांगितलं. काही वर्षं चालला तो सत्याग्रह, दरवाजा काही उघडला नाही, आणि मग 1935 मध्ये येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा झाली. येवला आमच्याच जिल्ह्यातलं, आम्ही पैठणीसाठी जातो. मला काय बोलावं कळेना, मी म्हटलं मला लाज वाटते. ती म्हणाली, लाज नको वाटून घेऊस, ऐक. मग तिने तिचंही सांगितलं, की ती रोज वंदना म्हणते ती आजीसाठी, तिला स्वतःला नक्की काय वाटतं ते तिला अजून सापडलेलं नाही, आणि घरात तसं बोललं की आई म्हणते एवढं करून मिळवलंय, आता तू त्यात शंका काढू नकोस. म्हणजे मला जे कावळ्याबद्दल बोलता येत नव्हतं तसंच तिचंही होतं. डास फार चावत होते, ओडोमॉस न्याच, पण आम्ही उठलो नाही.

भैरहवा ते काठमांडू बस. आठ-नऊ तास सांगतात, आम्हाला अकरा लागले, घाटात रस्त्याचं काम चालू असतं. दिवसाची घ्या, रात्रीची नको. उलटीची गोळी आधी घ्या. वाटेत दालभात खा, भात-डाळ-भाजी परत परत वाढतात. मोमो खाताना विचारा, बफ म्हणजे म्हशीचं, शाकाहारी असाल तर “भेज” म्हणा. राहायला ठमेलमध्ये गल्लीच्या आतलं घ्या, दोन रात्री म्हटलं की भाव कमी करतात.

पशुपतिनाथाला पहाटे जा. चामड्याचा पट्टा, पर्स काही चालत नाही. मुख्य मंदिरात फक्त हिंदूंना प्रवेश, तशी पाटीच आहे. आपल्याला तिथे कोणी काही विचारत नाही, भारतीय चेहरा बघून सोडतात. मी मैत्रिणीला म्हटलं चल, कोण विचारतंय. ती म्हणाली, “विचारत नाहीत म्हणून मी नाही जाणार. तू जाऊन ये, मी पलीकडे घाटावर आहे.” मी रांगेत लागले. चार तोंडांचं लिंग, चारी बाजूंनी दरवाजे, गर्दी पुढे ढकलतेय, आणि माझे दोन सेकंद आले तेव्हा मी हात जोडले आणि मागायलाच काही सुचेना. आजवर प्रत्येक देवळात माझी यादी तयार असायची, परीक्षा, नोकरी, बाबांचा रिपोर्ट. त्या दिवशी नुसते हात जोडलेले. भीती वाटेल असं वाटलं होतं, ती वाटली नाही.

बाहेर येऊन पूल ओलांडून पलीकडच्या पायऱ्यांवर तिच्याजवळ बसले. समोर आर्यघाट. एका म्हाताऱ्या माणसाचं प्रेत उतरत्या शिळेवर ठेवलं होतं, पाय बागमतीच्या पाण्याला लागतील असे, आणि त्यांचा मुलगा, असेल माझ्याच वयाचा, ओंजळीने पाणी घेऊन पाय धूत होता. घाई नाही. अंगठ्यापासून टाचेपर्यंत, मग दुसरा पाय. नंतर चितेवर ओला पेंढा टाकला, पांढरा दाट धूर आमच्याकडे आला. मी रडले, बाबांच्या वेळी रडले नव्हते. तिथे कोणाला काही कबूल करत नव्हता तो, पाय धूत होता फक्त. (इथे लोक समोरच्या काठावरून चितेचे फोटो काढतात, कृपा करून काढू नका.)

बौद्धनाथ स्तूपाला संध्याकाळी जा, दिवे लागतात तेव्हा. 2015 च्या भूकंपात वरचा भाग खराब झाला होता, पुढच्या वर्षी परत बांधून झाला. स्वयंभूला पायऱ्या खूप आहेत, माकडांपासून खाऊ जपा. तिथे स्तूपाच्या शेजारीच हारती देवीचं देऊळ आहे आणि जी बाई स्तूपाला फेरी मारते तीच देवीला कुंकू लावते. बसंतपूरला कुमारी घर आहे, तिथे जिवंत देवी मानलेली लहान मुलगी राहते, ही कुमारी शाक्य म्हणजे बौद्ध घरातली मुलगी असते आणि हिंदू तिला तलेजू देवी म्हणून पूजतात. आम्ही दोघी बराच वेळ त्या चौकात उभ्या होतो.

परत त्याच रस्त्याने आलो. घरी आल्यावर आईने विचारलं, पशुपतिनाथाला काय मागितलंस. मला खोटं बोलता आलं असतं. म्हटलं काही नाही गं आई, सुचलंच नाही. आई भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “मी पण बाबांच्या दहाव्यापासून काही मागत नाही.” एवढे दिवस एका घरात राहून हे आम्हाला एकमेकींचं माहीत नव्हतं.

आईला आता लुंबिनीला यायचंय, मैत्रिणीच्या आजीला पण व्हीलचेअरवर नेता येईल का ते बघतोय. दोघींचे गुडघे दुखतात म्हणून या वेळी थर्ड एसी आणि गोरखपूरहून जीप करावी लागेल. कोणी ज्येष्ठांना घेऊन त्या बाजूला गेलं असेल तर सांगा.