कोरा चेहरा

रत्नागिरीतल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो. ९ डिसेंबर २०२४ च्या सोमवारी नववीला स्थिरचित्र द्यायचे ठरले होते. पण सीरियाचा हुकूमशहा बशर अल-असद दमास्कस सोडून रशियाला पळाल्याची बातमी सकाळी वाचली आणि स्थिरचित्राचे साहित्य मी कपाटातच राहू दिले.

सीरियाचे व्यंगचित्रकार अली फरझात यांचे २०११ मधले व्यंगचित्र मी फळ्यावर खडूने उतरवले. सूटकेस घेऊन रस्त्यावर उभा असलेला असद गाडीला हात दाखवतो आहे आणि पळून जाण्याची ती गाडी चालवतो आहे लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी. फरझात यांनी कितीतरी वर्षे नावगाव नसलेले सेनापती आणि अधिकारी रेखाटले होते. त्या वर्षी मात्र त्यांनी असदचा चेहरा ओळखू येईल असा काढायला घेतला. ऑगस्टमध्ये बुरखाधाऱ्यांनी त्यांना दमास्कसमध्ये गाठले, हात मोडले आणि रस्त्याकडेला टाकून दिले. पुढे ते कुवेतला गेले आणि तिथून चित्रे काढत राहिले.

हद्दपारी म्हणजे काय हे आमच्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही, कारण इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला ज्या वाड्यात ठेवले तो त्यांनी पाहिलेला असतो. एका रेघेला भिणारा राज्यकर्ता मात्र त्यांना नवा होता.

आपापल्या भागातला दांडगाई करणारा माणूस काढा, असे मी सांगितले. खाडीकाठच्या एका मुलीने खुर्चीत रेलून बसलेला माणूस काढला. वाळू उपसणाऱ्या सक्शन पंपाचा पाइप खाडीतून निघून थेट त्याच्या खिशात शिरला होता, बोटांतल्या अंगठ्या एकेक करून गिरवल्या होत्या. चेहरा तेवढा कोरा होता.

"चेहरा काढला तर बाबांना त्रास होईल, सर. आमची होडी त्याच खाडीत असते."

मी म्हणालो, कोराच ठेव. वही वर्गात फिरली तेव्हा तिच्याच गावच्या दोन मुलांनी एकदम नाव घेतले.

"मग फरझातना चेहरा काढायची काय गरज होती?" तिने विचारले. प्रश्न अगदी रास्त होता. कोऱ्या चेहऱ्याबद्दल 'हा मी नव्हेच' असे म्हणण्याची सोय सत्ताधाऱ्याला नेहमीच असते आणि २०११ मध्ये तर सीरियाचे लोक रस्त्यावर उतरून असदचे नाव घेऊन ओरडत होते. अशा वेळी चित्रकाराने त्यांच्या मागे राहणे फरझात यांना मान्य नव्हते, असे मला वाटते आणि तसेच मी तिला सांगितले. त्यांचे आधीचे निनावी सेनापती भित्रेपणाचे होते असे मात्र मी मानत नाही. देशात राहून चित्रे काढणारे अक्रम रस्लान २०१२ मध्ये पकडले गेले आणि कोठडीतच मरण पावले, हेही मी वर्गापासून लपवले नाही. चेहरा काढण्याची किंमत घर सोडून किंवा जीव देऊन मोजावी लागत असेल, तर नववीतल्या मुलीकडे मी तो मागणार नव्हतो.