थिसिस नसलेली मास्टर्स

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या माझ्या जुन्या कॉलेजमधल्या एका मुलीचा मेसेज आला. "ताई, राइसच्या नॅनोस्केल फिजिक्सच्या मास्टर्सला थिसिस नाही म्हणे. मग ती डिग्री हलकी समजतात का?" निघायच्या आधी बाबांनीही मला हेच विचारलं होतं. तिला फोनवर जे सांगितलं, ते इथे सविस्तर लिहिते.

ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातली ही 'प्रोफेशनल सायन्स मास्टर्स'. पीएच.डी.कडे न जाता उद्योगात काम करू इच्छिणाऱ्यांसाठी. थिसिसच्या जागी तीन ते सहा महिन्यांची इंटर्नशिप असते, आणि ती सक्तीची आहे.

फिजिक्स मात्र कुठेही पातळ केलेलं नाही. क्वांटम मेकॅनिक्स आहे, नॅनोस्ट्रक्चर्स आहेत. 'पार्टिकल इन अ बॉक्स', म्हणजे इवल्याशा पेटीत कोंडलेल्या कणाची ऊर्जा काढायचं गणित, मी एम.एस्सी.ला परीक्षेपुरतं घोकलं होतं. इथे ती पेटी डोळ्यांना दिसली. कॅडमियम सेलेनाइड या अर्धवाहकाचे कण सहा नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) आसपास असले की लाल चमकतात, दोनच्या आसपास आले की निळे. पदार्थ तोच, पेटी म्हणजे कण लहान झाला म्हणून ऊर्जा वाढली, आणि निळ्या प्रकाशाची ऊर्जा लालपेक्षा जास्त. अतिनील दिव्याखाली त्या बाटल्या ओळीने पाहिल्या आणि वहीतल्या समीकरणाच्या छेदातला लांबीचा वर्ग पहिल्यांदा खरा वाटला.

आणि हे शिकायचं त्या आवारात, जिथे 1985 साली सी-60, म्हणजे साठ कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा पोकळ रेणू, सापडला. क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना त्यासाठी 1996चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या रेणूचा आकार उलगडायला स्मॉली रात्री घरी कागदाचे षटकोन कापून चिकटवत बसले होते. नुसत्या षटकोनांनी गोळा बंद होईना, मधे पंचकोन घातले तेव्हा झाला. मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. हाताने करून बघितल्याशिवाय मलाही काही कळत नाही.

क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळ येऊ न देणाऱ्या प्रयोगशाळेत, तसंच झालं. नखाएवढी सिलिकॉनची चिप, तिच्यावर पीएमएमए या प्लास्टिकचा थर, इलेक्ट्रॉन बीमने काढलेली रेघ, डेव्हलप करून (रेघेवरचं प्लास्टिक धुऊन खाच पाडून) वर पाच नॅनोमीटर टायटॅनियम आणि पन्नास नॅनोमीटर सोनं. मग उरलेलं प्लास्टिक विरघळावं म्हणून चिप अ‍ॅसिटोनमध्ये सोडायची. थोड्या वेळाने सोन्याचा पापुद्रा कडेने सुरकुततो, सुटतो आणि हळूहळू तरंगायला लागतो. खाली फक्त हव्या त्या तारा उरायला हव्यात. माझ्या पहिल्या चिपवर एकही उरली नाही. बीमचा डोस, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या माऱ्याची मात्रा, कमी पडला होता, खाचेच्या तळाशी पीएमएमए शिल्लक राहिलं होतं, त्यामुळे सोनं सिलिकॉनला चिकटलंच नव्हतं. तिसऱ्या खेपेला डोस वाढवत नेऊन ओळीने नऊ नमुने काढले. त्यातले चार टिकले.

मॅनेजमेंट, विज्ञान-धोरण आणि नैतिकता हे या कोर्समधले विषय आपल्याकडची मुलं 'भरतीचे' समजतात. मीही समजत होते. इंटर्नशिप एका कोटिंग बनवणाऱ्या कंपनीत होती, चार महिने. थराची जाडी कडेला कमी भरत होती. मी चार पानं भरून कारणं लिहिली. मॅनेजरबाईंनी ती शांतपणे वाचली आणि विचारलं, "शंभरातले किती तुकडे वाया जातात, आणि तुकडा धरणारा होल्डर बदलला तर किती वाचतील?" त्या रात्री मॅनेजमेंटच्या वर्गातली वही उघडली. दुसरा अहवाल एका पानाचा झाला. परतल्यावर त्याच कामावर लेखी अहवाल आणि सादरीकरण द्यायचं होतं, तेव्हा पहिलं वाक्य त्या एका पानावरचंच घेतलं.

व्हिसाचंही सांगते. अमेरिकेच्या एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर अशी इंटर्नशिप सीपीटीखाली (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी) होते, आणि साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळते. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने भरलं तर शिक्षणानंतरचं ओपीटी, म्हणजे डिग्रीनंतर तिथे काम करायची परवानगी, जातं. इथली मुदत त्याच्या आतच संपते.

"आणि इंटर्नशिप मिळालीच नाही तर?" हा तिचा खरा प्रश्न होता, शेवटी हळूच विचारलेला. तिला म्हटलं, उन्हाळ्याची वाट बघू नकोस, पहिल्या वर्षाच्या ऑक्टोबरपासूनच कंपन्यांना लिहायला लाग. मी साठेक ईमेल पाठवले होते, उत्तरं सात आली.

काल तिने रेझ्युमे पाठवला. बी.एस्सी.ला बंद पडलेला स्पेक्ट्रोमीटर तिने स्वतः उघडून दुरुस्त केला होता, हे तिने मला फोनवर सहज सांगितलं होतं. रेझ्युमेत ते कुठेच नव्हतं. सगळ्यात वर घालायला सांगितलंय.