लारू : शंभर डॉलरचा संघ

कोलंबसहून उत्तरेला २३ नंबरचा हायवे धरला की तासाभरात मॅरियन येतं. डेलावेअर मागे पडलं की दोन्ही बाजूंना नुसती शेतं. ऑक्टोबर होता, मका बराचसा कापून झालेला, सोयाबीन वाळून तपकिरी पडलेलं. सोबत बाबा होते. साताऱ्याजवळच्या एका शाळेत आयुष्यभर पीटी शिकवून निवृत्त झालेले, सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आलेले. नायगारा झाला होता, शिकागो झालं होतं. म्हटलं, आता एक गाव माझ्या आवडीचं.

ते गाव म्हणजे लारू. मॅरियनच्या पश्चिमेला, सायोटो नदीकाठी, जेमतेम सातशे वस्तीचं खेडं. मधून रेल्वेचे रूळ जातात. १९२२ आणि १९२३ अशी दोन वर्षं या खेड्याचा संघ एनएफएलमध्ये, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायच्या अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळत होता. इतक्या लहान गावाला त्या लीगचा संघ ना त्याआधी मिळाला, ना नंतर.

गावात ओहायोच्या इतिहासखात्याची पाटी उभी आहे. बाबांनी चष्मा लावून पहिली ओळ वाचली आणि माझ्याकडे वळले. "अगं, इंडियन्स? आपली माणसं इथे कशी?"

"आपली नाहीत बाबा. इथली मूळची माणसं. आदिवासी म्हणा."

संघाचं नाव ऊरँग इंडियन्स. ऊरँग ही कुठली जमात नाही, कुत्र्यांच्या धंद्याचं नाव आहे. लारूच्या वॉल्टर लिंगोचं ऊरँग केनेल्स होतं. एअरडेल टेरियर जातीची कुत्री तो पैदास करायचा आणि टपालाने ऑर्डरी घेऊन देशभर विकायचा. तो काळ एअरडेलचाच होता. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हार्डिंग मॅरियनचे, आणि व्हाइट हाउसमध्ये त्यांचा लाडका 'लॅडी बॉय' होता तोही एअरडेलच. लिंगोच्या डोक्यात आलं, की कुत्र्यांची जाहिरात करायला फुटबॉलचा संघ काढावा. लीगमध्ये शिरायची फी होती १०० डॉलर. लिंगोच्या एका कुत्र्याची किंमत १५० सांगितली जाते.

हे ऐकून बाबा काही बोलले नाहीत. पाटी मात्र त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

लिंगोने प्रशिक्षक आणि खेळाडू म्हणून आणला जिम थॉर्प. सॅक अँड फॉक्स जमातीचा. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन, दोन्हींत सुवर्ण. पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता, एवढ्यावरून पुढच्याच वर्षी ती पदकं काढून घेतली. एकट्याचा विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागायला २०२२ उजाडलं, तोवर त्याला जाऊन जवळजवळ सत्तर वर्षं झाली होती. १९२० मध्ये ही लीग स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला अध्यक्षही थॉर्पच होता. संघातले सगळे खेळाडू मूळ रहिवासी असावेत ही लिंगोची अट. थॉर्पने जुने सोबती गोळा केले: जो गायन, पीट कॅलॅक, असे कितीतरी जण पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या शाळेत त्याच्यासारखेच शिकलेले. त्या शाळेत आदिवासी मुलांचे केस कापत, त्यांची भाषा बोलू देत नसत. फुटबॉल मात्र तिथे असा खेळला जायचा, की मोठमोठी विद्यापीठं हरत.

लारूत फुटबॉलचं मैदानच नव्हतं. त्यामुळे मॅरियन सोडलं तर संघ कायम फिरतीवर, तमाशाच्या फडासारखा गावोगाव. आणि लोक गर्दी करायचे ती मध्यंतरासाठी. मध्यंतरात कुत्र्यांच्या करामती व्हायच्या. कुऱ्हाडी-सुऱ्या फेकून दाखवायच्या, नाचायचं. निक लासा नावाचा मोंटानाचा गडी अस्वलाशी कुस्ती खेळायचा. पहिला हाफ अंगावर घेतलेल्या माणसांनी विश्रांतीच्या वेळात हे करायचं आणि परत खेळायला उभं राहायचं!

एक प्रवेश माझ्या डोक्यातून जात नाही. महायुद्धातले 'इंडियन' टेहळे जर्मनांशी लढताहेत आणि रेडक्रॉसची एअरडेल कुत्री जखमींना मदत करताहेत, असं नाटक वठवलं जायचं. संघातला पीट कॅलॅक त्या युद्धात खरोखर युरोपात लढून आलेला होता. ज्या देशासाठी लढले, त्या देशाचं नागरिकत्व सगळ्या मूळ रहिवाशांना देणारा कायदा झाला जून १९२४ मध्ये. तोवर हा संघ मोडलाही होता.

दोन मोसमांत वीस सामने, त्यांतले चार जिंकले. पहिल्या वर्षी तीन, दुसऱ्या वर्षी एक. यावरून कुणी त्यांना सुमार म्हणतं तेव्हा मला राग येतो. थॉर्प आणि गायन दोघेही पुढे कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेले. पण थॉर्पची पस्तिशी उलटत आली होती, सराव कमी, आणि मालकाचं लक्ष कुत्र्यांवर.

नोव्हेंबर १९२३ मधली शिकागो बेअर्सविरुद्धची गोष्ट मी बाबांना गावाबाहेर सांगितली. चिखलाचं मैदान. थॉर्प चेंडू घेऊन गोलरेषेच्या अगदी तोंडाशी आलेला. धडक बसली, चेंडू सुटला. बेअर्सच्या जॉर्ज हॅलसने तो उचलला आणि उलट्या दिशेने धावत सुटला, ९८ यार्ड. मागे थॉर्प. तो विक्रम १९७२ पर्यंत टिकला.

"म्हणजे नव्वद मीटर," बाबा म्हणाले. रस्त्याकडेच्या गवताच्या पट्ट्यावर उतरले आणि पावलं टाकायला लागले. मैदान आखताना टाकायचे तशीच, एकसारखी, मोठ्याने मोजत. गवत ओलं होतं, चपला चिकटत होत्या. नव्वदला थांबून मागे वळले तेव्हा मला त्यांचा चेहराही नीट दिसेना. तिथूनच ओरडले, "चिखलात एवढं? आणि हा पस्तिशीचा माणूस मागे धावला?"

"धावला, बाबा. शेवटपर्यंत."

परत आले ते धापा टाकतच. गाडीत बसल्यावर खिशातली डायरी काढली. रोजचे मैल आणि पेट्रोलचा खर्च ते तिच्यात लिहितात. म्हणाले, "नावं सांग त्यांची. खरी सांग."

खरी म्हणाले, कारण संघाच्या यादीतली नावं मी त्यांना आधी सांगितली होती: लाँग टाइम स्लीप, ईगल फेदर, वॉर ईगल, रेड फँग. लाँग टाइम स्लीप म्हणजे तोच निक लासा. सकाळी उठता उठायचा नाही म्हणून सोबत्यांनी ठेवलेलं नाव, घरातल्या घरात हाक मारावी तसं. ते तिकीट काढून आलेल्यांसाठी नव्हतं.

मी सांगत गेले, ते लिहीत गेले. लासा. कॅलॅक. गायन. बुटवेल. बुश. रुळांवर मालगाडी आली, फाटक पडलं, आम्ही थांबलो. डबे संपता संपेनात. बाबांनी डायरीतून मान वर केली.

"विनेशीकमधला 'शी' ऱ्हस्व की दीर्घ?"