धामणीची मोटार

"गाडीचं लाकूडकाम आहे, येऊन बघा," असा अमळनेरच्या सरांचा निरोप आला तेव्हा मला बैलगाडीच वाटली. चोपड्याला आमच्या घरात आजोबांपासून तेच काम. शेतकऱ्यांकडे टायरच्या लोखंडी गाड्या आल्यापासून मी दारं-खिडक्या आणि देव्हारे करतो, पण जुनी माणसं गाडी म्हटलं की अजून आमचंच नाव सांगतात.

गेलो तर वाड्याच्या मागच्या पडवीत एमजी टीडी ही इंग्रजी मोटार उभी. दोन माणसांची, उघड्या टपाची, १९५१ची. सरांच्या काकांनी मुंबईत कुणाकडून तरी जुनी घेतलेली. काका गेले आणि गाडी तिथंच राहिली. सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी ती एकेक नट करत स्वतः खोलली होती. इंजिन वेगळं काढून टेबलावर ठेवलेलं. त्याच्या बोल्टांची डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची आणि आटे मेट्रिक! एमजी ज्या मॉरिस कंपनीची, तिनं १९२३ मध्ये कॉव्हेन्ट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला. तिथली यंत्रं फ्रेंच मापाची, ती तशीच चालू ठेवली, आणि इंग्लंडातल्या मेकॅनिकांचे पाने लागावेत म्हणून डोकी तेवढी देशी केली. तेच आटे पुढे या १२५० सीसीच्या इंजिनापर्यंत आले. गावातला फिटर हे ऐकून हात जोडून उठला.

माझं काम त्याच्या मागचं. या गाडीची चेसिस लोखंडी. तिच्यावर ॲश या विलायती झाडाच्या लाकडाचा सांगाडा, आणि सांगाड्यावर बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, ठोकून बसवलेला पत्रा. दारं, डॅशबोर्डच्या पुढचा भाग, मागची पेटी, सगळ्याला आकार देतं ते लाकूड. १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून अशा जवळपास तीस हजार टीडी निघाल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या, असं सरांनी सांगितलं. आमच्या शेजारच्या आजीबाईंना मात्र एकच प्रश्न होता : "हाई गाडी लाकूडनी शे का रे भो?"

एका बाजूचा पत्रा सरांनी आधीच उकलला होता. बिजागरीचा खांब पाहिला. प्रत्येक चुकेभोवती काळं कडं. पत्र्याच्या आतून पाणी उतरतं, चूक गंजते, फुगते आणि आजूबाजूचं लाकूड खाते. पटाशी टेकवली तर ती आपोआप आत गेली. स्क्रू बोटांनी बाहेर आला, त्याच्या आट्यांत भुसा भरलेला. खालच्या लांब पाटाचा अर्धा भाग तर वाळवीनं पोकळ केलेला. वरून अख्खा दिसायचा, वाजवला की ढब्ब. दुसऱ्या बाजूचा पाट कुणीतरी मध्येच बदलला होता, सागाचा, आणि सांध्यावर लोखंडी अँगल बोल्टनं आवळलेला. बरोबर अँगल संपतो तिथं साग चिरला होता.

सरांना सागच हवा होता. खान्देशात कुणालाही विचारा, चांगलं लाकूड म्हणजे साग. वाळवी लागत नाही, पाणी सोसतो, हे खरंच. पण त्याच्या अंगात तेल, सांध्यात सरस नीट धरत नाही, आणि धक्का बसला की तो लवकर हार मानतो. मी त्यांना तो चिरलेला पाट दाखवला. ॲशचे तंतू लांब आणि चिवट असतात, म्हणून तिकडे त्याचे कुऱ्हाडीचे दांडे आणि हॉकीच्या काठ्या होतात. आपल्याकडे तसं वागणारं लाकूड धामणीच्या झाडाचं. धावडा चिवट आहे, पण वाळताना पिळतो. बाभूळ चाकाला उत्तम, इथं नको, जड. वडिलांनी बैलगाडीच्या दांड्यांसाठी राखलेल्या धामणीच्या फाळी आमच्या माळ्यावर होत्या, वर्षानुवर्षं वाळलेल्या. मुंबईत बाहेरून आलेला ॲश मिळतो, आणि स्पर्धेत गाडी उभी करायची असती तर मीही तोच आणा म्हटलं असतं. सरांना ती चालवायची होती.

नकाशा नव्हता. कुजलेला तुकडा हाच नकाशा. म्हणून जुनं काहीही टाकायचं नाही असा नियम केला. निम्मा खांब उरला असेल तर दुसऱ्या बाजूच्या खांबावरून उरलेला निम्मा काढायचा, प्लायचा साचा करायचा, मगच लाकडाला करवत. सांधे सगळे कोरडेच जुळवले. सरस नाही, स्क्रूही अर्धेच पिळलेले. माझा भाचा विचारायचा, मामा, चिकटवायचं कधी? दारं बसल्यावर.

दारं टांगली तो दिवस आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा. ऊन असं की पडवीतल्या वाकसाचं पातं हाताला चटका देत होतं. सांगाडा चेसिसवर ठेवला, दारं लावली. टीडीची दारं मागच्या खांबावर फिरतात, पुढून उघडतात. डावं दार टेकलं आणि वर बोटभर फट राहिली. उजवं वरच्या कोपऱ्यात अडकलं, कुलपापर्यंत पोचेचना.

भाच्यानं रंधा उचलला. मी त्याचा हात धरला. दोन्ही दारं आपापल्या साच्यावरून मापात केलेली, मग एक मोठं आणि एक लहान कसं होईल? दार घासलं असतं तर त्या दिवशी बसलं असतं आणि गाडी चाकांवर आल्यावर पुन्हा नाचलं असतं. सरांनी पातळी बघायला पाण्याची नळी आणली. चेसिस चार ठोकळ्यांवर होती, आणि पडवीची शहाबादी फरशी मागच्या डाव्या कोपऱ्यात खचलेली. चेसिस पिळली होती, तिच्यावर सांगाडा पिळला होता, आणि दारं बिचारी खरं सांगत होती. ठोकळे काढले, गाडी तिच्या स्प्रिंगांवर आणि चाकांवर उभी केली, चाकांखाली पाचरी सारून पाणसळ साधली. इंजिनाच्या जागी फळी टाकून ज्वारीची पोती चढवली. सीटच्या जागी सर स्वतः बसले, हातात ताकाचा ग्लास.

डावी फट निम्मी झाली. उजवं दार आत आलं, पण वर अजून घासत होतं.

मग उरलं ते पट्ट्यांचं काम, आणि मला त्यातच खरी मजा वाटते. सांगाडा आणि चेसिस यांच्यामध्ये रबराच्या पट्ट्या असतात. दाराच्या खाली, मधोमध, एक पट्टी जादा सारली की पाट तिथं किंचित उचलला जातो आणि दोन्ही खांबांची डोकी एकमेकांपासून दूर होतात. खाली कागदाएवढा फरक केला तर वर चांगलाच दिसतो. बैलगाडीचा साटा आसावर बसवताना वडील चामड्याचे तुकडे असेच सारायचे. जुन्या ट्यूबची पट्टी कापली, सारली, बोल्ट आवळला. फार उघडलं. पट्टी पातळ केली. भाचा दार लोटत होता, मी खाली पालथा. दुपार टळली तेव्हा कुलपाचा आवाज आला आणि तो वरून ओरडला, "बसना! मामा, बसना!" म्हणजे बसलं.

तरी मी फट जरा मोठीच ठेवली. एक तर दाराच्या आणि खांबाच्या दोन्ही कडांवरून पत्रा वळून येणार, त्याची जाडी धरायला हवी. दुसरं म्हणजे आपलं हवामान. वैशाखात लाकूड वाळून खडंग होतं आणि श्रावणात फुगतं. लांबीला नाही, रुंदीला. मे महिन्यात घट्ट बसवलेलं दार ऑगस्टमध्ये उघडत नाही, हे ज्यांच्या घरी जुनी दारं आहेत त्यांना सांगायला नको. सहा मिलीमीटरच्या प्लायची पट्टी चारी बाजूंनी फिरवून पाहिली. मगच, आखाजी झाल्यावर, एकेक सांधा उकलून सरस लावला, स्क्रू पुरे पिळले, आणि पत्र्याखाली जाणाऱ्या कडांना दोन हात रंग दिला, कारण कूज तिथूनच सुरू होते.

पावसाळ्यात जाऊन पाहिलं. डावं दार जरा जड लागत होतं, उजवं तसंच मोकळं. पत्रा आता डेंटरकडे आहे आणि त्याला वळणं जुळवताना घाम फुटलाय. जुने तुकडे सुतळीनं बांधून मी माळ्यावर ठेवलेत, साचेही. कुणाकडे टीडी असेल तर येऊन घेऊन जा, फक्त डाव्या बाजूचा साचा उलटा करून उजवीला लावू नका. या गाड्या हातानं जुळवलेल्या. आमच्या गाडीत दोन खांबांच्या उंचीत पाव इंचाचा फरक निघाला, आणि तो कारखान्यातूनच आलेला होता.