आरोपीची जात कशाला सांगता?

‘नाटक आवडलं, पण आरोपी पारधी आहे हे इतक्यांदा कशाला? चुकीची शिक्षा काय, कुणालाही होऊ शकते.’ प्रयोग संपला की हे हमखास ऐकायला मिळतं. आमच्या नाटकात एका पारधी तरुणाला न केलेल्या खुनासाठी जन्मठेप होते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

कुणालाही होऊ शकते, मान्य. होते कुणाला, ते बघा. नाशिक जिल्ह्यात २००३ साली एका शेतवस्तीवर दरोडा पडला, पाच जीव गेले. त्यात भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडलं. सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं तिघांची जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सगळ्यांना फाशीच सुनावली. आणि ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितलं. त्या रात्रीतून वाचलेल्या साक्षीदार बाईनं तपासाच्या सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंमधून चार वेगळीच माणसं ओळखली होती! त्यांच्यामागे कुणी गेलंच नाही. या हकिकतीतून जात आणि गरिबी काढून टाका, मग ती सोळा वर्षं निव्वळ नशिबाचा फेरा ठरतात. मला ते मंजूर नाही.

पारध्यांना तर इंग्रजांनी कायद्यानंच गुन्हेगार ठरवलं होतं. १८७१ पासूनचा तो गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. तरी आजही आसपास चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर येते, हे तिथं राहणारं कुणीही सांगेल.

आमच्या नाटकात जामिनाचा एक प्रवेश आहे. जामीन मंजूर होतो, आईच्या जिवात जीव येतो, आणि कारकून विचारतो, ‘जामीनदार कोण? सातबारा आहे का?’ ज्याच्या सात पिढ्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तो सातबारा आणणार कुठून? पोरगा आतच राहतो. आरोपी बागायतदाराचा मुलगा असता, तर हा प्रवेश लिहिताच आला नसता.

आईची भूमिका पारधी समाजातलीच एक मुलगी करते. पोराला उचलल्याचं कळतं तेव्हा ती रडत नाही. पालाच्या आढ्याला टांगलेली प्लास्टिकची पिशवी काढते, त्यातलं रेशनकार्ड, आधार, जातीचा दाखला चाचपून बघते आणि एवढंच विचारते, ‘कुठल्या ठाण्यात?’ हे तिनं तालमीत केलं आणि तसंच ठेवलं. असं आधी घडलेलं आहे, पुन्हा घडणार आहे, हे त्या पिशवीतून कळतं.

‘निदान त्याला सज्जन तरी दाखवा,’ असंही सुचवतात. तो तापट आहे, कोंबड्यांच्या व्यवहारात खोटं बोलतो, बायकोशी भांडतो. खून त्यानं केलेला नाही. निर्दोष सुटायला एवढं पुरेसं असलं पाहिजे. गरीब बिचारा, हात जोडून उभा असलेला आदिवासी आपण रंगमंचावर पुष्कळ पाहिला. तसंच शेवटच्या अंकात शहरातून येऊन सगळ्यांना सोडवणारा वकीलही पाहिला. तो आला की गोष्ट त्याचीच होऊन जाते. आमचा वकील गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडून नेमलेला आहे, कामाच्या ओझ्याखाली दबलेला, मनानं चांगला.

मग पारध्याची भूमिका पारध्यानंच करावी का? मिळत असेल तर जरूर करावी. पण त्याला तेवढीच द्यायची, हे मला पटत नाही. आमच्याकडे त्या समाजातला एक मुलगा आहे, आवाज खणखणीत, पल्लेदार वाक्यं सहज पेलणारा. त्यानं आरोपी नको म्हटलं, न्यायाधीश मागितला. दुसऱ्या प्रयोगापासून निकालपत्र तोच वाचतो.