मालिका रेकॉर्ड करायला सेट टॉप बॉक्स निवडताना: माझा अनुभव

दुकानात "यूएसबीत रेकॉर्ड होतं का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "हो ताई, हल्ली सगळ्यात होतं." ते खरंही असतं. पण एवढ्या उत्तरावर बॉक्स घेऊ नये. विचारायच्या गोष्टी दोन आहेत. रेकॉर्ड झालेली फाइल त्या बॉक्सबाहेर कुठे चालते का? आणि घरात कोणी नसताना, मध्येच लाइट जाऊन आली तरी ठरल्या वेळी रेकॉर्डिंग सुरू होतं का? माझी निवड शेवटी या दोन प्रश्नांवरच झाली. बॉक्सवर छापलेल्या बाकी गोष्टींचा फारसा उपयोग झाला नाही.

जुन्या व्हीसीआरमध्ये पहिला प्रश्न नव्हताच. ई-१८० ची कॅसेट तीन तास चालायची, लाँग प्ले केलं तर सहा. चित्र मळकट यायचं, पण ती कॅसेट शेजारच्यांच्या व्हीसीआरमध्येही चालायची. डिजिटल रेकॉर्डिंगला चित्र लख्ख येतं, पण कुलूप लागू शकतं. म्हणून आधी कुलपाचं पाहू.

पैसे भरून घेतलेल्या डीटीएचच्या वाहिन्या सांकेतिक रूपात येतात आणि त्या उलगडण्याची परवानगी तुमच्या बॉक्सच्या आणि कार्डाच्या नंबराला जोडलेली असते. कंपनीचा रेकॉर्डर बॉक्स घेतला तर सोयी उत्तम मिळतात: आठवडाभराचं वेळापत्रक पडद्यावर, एका बटणात पूर्ण मालिका लावून ठेवणं, दोन ट्यूनर (वाहिनी पकडणारे भाग) असतील तर एक पाहत दुसरं रेकॉर्ड करणं. दोन ट्यूनरना सहसा छत्रीपासून दोन वायरी लागतात आणि दोन तोंडांचा एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) लागतो, हे आधी विचारून घ्या. नाहीतर बॉक्स लागतो आणि दुसरा ट्यूनर नुसताच पडून राहतो. पण या बॉक्समधलं रेकॉर्डिंगही सांकेतिकच साठतं. डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तर काही दिसत नाही. बॉक्स बिघडून बदलून मिळाला की जुनं रेकॉर्डिंग गेलं. एचडीएमआयला कॅप्चर कार्ड (येणारं चित्र कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करणारं उपकरण) लावून पाहाल तर काळा पडदा येतो. तो बिघाड नाही, एचडीएमआयवरचं संरक्षण आहे. रोजची मालिका रात्री पाहून पुसून टाकायची असेल तर यात काहीच अडचण नाही आणि हाच मार्ग सोपा. ठेवायचं असेल तर नाही. टीव्हीतल्या यूएसबी रेकॉर्डिंगचीही साधारण हीच गत असते: त्या टीव्हीवर केलेलं त्याच टीव्हीवर दिसतं.

मला डीडी सह्याद्रीवरची नाटकं, मुलाखती आणि शेतीचे कार्यक्रम साठवायचे होते. ते नंतर मोबाइलवर सापडतीलच असं नसतं. दूरदर्शनच्या वाहिन्या डीडी फ्री डिशवर येतात, त्याला महिन्याचं भाडं नाही. त्यामुळे माझा मार्ग ठरला: फ्री डिशला चालणारा, यूएसबी रेकॉर्डिंगचा बॉक्स. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे बॉक्स भरपूर मिळतात. घेताना डीव्हीबी-एस२ (उपग्रहावरून प्रक्षेपणाची नवी पद्धत) आणि एमपीईजी-४ (चित्र लहान करून पाठवण्याची नवी पद्धत) दोन्ही चालणाराच घ्यावा. नुसत्या एमपीईजी-२ च्या स्वस्त बॉक्सवर एमपीईजी-४ मधल्या वाहिन्या दिसतच नाहीत. उलट एमपीईजी-४ च्या बॉक्सवर दोन्ही दिसतात.

दुकानात जाताना एफएटी३२ (ड्राइव्हवर फाइली मांडण्याची एक जुनी पद्धत) मध्ये फॉरमॅट केलेला १६ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि तो मोबाइलला जोडणारी ओटीजी पिन घेऊन जा. दुकानातल्या छत्रीला बॉक्स जोडून घ्या आणि पाच मिनिटं रेकॉर्ड करा. थांबवा, बॉक्सच्या मेनूतून पेन ड्राइव्ह सुरक्षित काढा आणि मोबाइलला लावून व्हीएलसी या व्हिडिओ पाहायच्या अ‍ॅपमध्ये फाइल उघडा. फाइलच्या नावाचा शेवट बहुधा टीएस (.ts) असतो, काही बॉक्सवर डीव्हीआर. डीव्हीआर असेल आणि उघडली नाही तर नाव बदलून शेवटी टीएस करून पाहा. आतला मजकूर बऱ्याचदा तोच असतो. तरीही चित्र आलं नाही तर तो बॉक्स परत ठेवा. दुकानदार म्हणेल, बॉक्सला लावल्यावर चालतंय की. चालतंय, पण त्याच बॉक्सवर.

टीएसची फाइल मिळाली तर आणखी एक फायदा. ती १८८ बाइटच्या लहान पाकिटांची लांबच लांब रांग असते. मध्येच लाइट गेली आणि फाइल अर्धवट राहिली, तरी तोवरची पाकिटं नीट असतात आणि तिथपर्यंतचं नाटक दिसतं. एमपी४ फाइलचं तसं नाही. तिची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते, त्यामुळे ती मध्येच तुटली तर सहसा अख्खी फाइलच उघडत नाही. म्हणून "आमचा बॉक्स थेट एमपी४ करतो" याला मी भुलत नाही. एमपी४ मागाहून कॉम्प्युटरवर करता येते.

त्याच पाच मिनिटांच्या फाइलवरून जागेचा हिशोब होतो. तिचा आकार बाराने गुणला की तासाचा आकडा मिळतो. समजा ती १०० एमबी झाली, तर तासाला १.२ जीबी, म्हणजे अर्ध्या तासाच्या मालिकेला ६०० एमबी. रोज तीन मालिका, सोमवार ते शनिवार, म्हणजे आठवड्याला १०.८ जीबी. ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर प्रत्यक्षात २९ जीबीच्या आसपास जागा मिळते, तेव्हा अडीच आठवडे निघतात. एचडी वाहिनीला हाच आकडा दुप्पट-तिप्पट होतो.

इथे एफएटी३२ ची एक मर्यादा आडवी येते: एका फाइलला ४ जीबीच्या वर जाता येत नाही. तासाला १.२ जीबी असेल तर तीन तासांचं नाटक ३.६ जीबीत बसतं. तासाला २.७ जीबी असेल तर दीड तासाच्या आसपास मर्यादा लागते. चांगला बॉक्स तिथे दुसरी फाइल सुरू करतो, वाईट बॉक्स गुपचूप थांबतो. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर रेकॉर्डिंग तुटलेलं दिसलं तर आधी फाइलचा आकार पाहा. तो ४ जीबीला टेकला असेल तर दोष छत्रीचा नाही. बॉक्स एनटीएफएस ही दुसरी फॉरमॅटची पद्धत वाचत आणि लिहीत असेल तर ही कटकट उरत नाही. पण नुसतं वाचणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, तेव्हा एनटीएफएसवरही पाच मिनिटं रेकॉर्ड करून खात्री करा. एक्सफॅट ही तिसरी पद्धत अनेक स्वस्त बॉक्सना ओळखताच येत नाही. आणि "फॉरमॅट करायचं का?" असा प्रश्न पडद्यावर आला तर हो म्हणण्याआधी त्या ड्राइव्हवर काय आहे ते आठवा. बॉक्स सगळं पुसतो.

पेन ड्राइव्ह की हार्ड डिस्क? आठवड्याचं पाहून पुसायचं असेल तर चांगल्या प्रतीचा पेन ड्राइव्ह पुरतो. साठवायचं असेल तर अडीच इंची हार्ड डिस्क, पण तिथे विजेचा प्रश्न येतो. बॉक्सच्या यूएसबी २.० पोर्टमधून ठरल्याप्रमाणे अर्धा अँपिअर मिळतो. डिस्कच्या पाठीवरचं लेबल वाचा: ५ व्होल्टपुढे ०.७ किंवा १ अँपिअर लिहिलेलं दिसेल. फिरायला सुरुवात करतानाच तिला सगळ्यात जास्त वीज लागते. ती अपुरी पडली की कानाजवळ डिस्क धरल्यावर टक्... टक्... टक् असा आवाज येतो. तबकडी वेग घ्यायला पाहते, मध्येच दम तोडते, पुन्हा पाहते. पडद्यावर "यूएसबी जोडले", "यूएसबी काढले" असं आलटून पालटून येतं. लोक डिस्क खराब झाली म्हणून टाकून देतात. डिस्क बहुतेक वेळा ठणठणीत असते, तिला फक्त वीज कमी पडत असते. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावला की आवाज थांबतो. बॉक्सचा अडॅप्टरच कमजोर असेल तर डिस्क फिरू लागताच काही वाहिन्यांचा सिग्नल पडतो, कारण छत्रीवरच्या एलएनबीला १३ आणि १८ व्होल्ट त्याच अडॅप्टरमधून जातात. २ टीबीपेक्षा मोठी डिस्क घेऊ नका; जुन्या धाटणीचे बॉक्स ती नीट ओळखत नाहीत.

पहिल्याच दिवशी मेनूत जाऊन टाइमशिफ्ट (चालू कार्यक्रम थांबवून मागे नेता यावा म्हणून बॉक्स आपोआप करतो ते रेकॉर्डिंग) बंद करा. ते चालू असलं तर तुम्ही नुसता टीव्ही पाहत असतानाही बॉक्स ड्राइव्हवर अखंड लिहीत राहतो. पेन ड्राइव्ह हात लाववत नाही इतका तापतो आणि लवकर जातो.

आता दुसरा प्रश्न, टायमरचा. निम्म्याहून जास्त चुका इथेच होतात, आणि त्यातली सगळ्यात फसवी चूक घड्याळाची. उपग्रहावरून येणारी वेळ ही जागतिक प्रमाणवेळ असते. तीत साडेपाच तास मिळवायचं काम बॉक्सचं. कारखान्यातून येताना त्यात अनेकदा शून्य किंवा अधिक आठ तास लावलेले असतात. अधिक आठ असेल तर बॉक्सचं घड्याळ अडीच तास पुढे पळतं आणि रात्री ८ ला लावलेलं रेकॉर्डिंग संध्याकाळी ५.३० लाच होऊन जातं. शून्य असेल तर तेच पहाटे १.३० ला सुरू होतं. फाइल असते, चित्र असतं, फक्त कार्यक्रम भलताच. म्हणून खरेदी करतानाच पाहा की मेनूत अर्ध्या तासाचा फरक लावता येतो का. पूर्ण तासांचेच टप्पे असतील तर साडेपाच लागणारच नाही.

टायमर कार्यक्रमाच्या ५ मिनिटं आधी सुरू करा आणि १० मिनिटं नंतर संपवा. पण लागोपाठच्या दोन मालिकांना असे वेगवेगळे टायमर लावले तर ते एकमेकांवर चढतात आणि दुसरा सुरूच होत नाही. एकाच वाहिनीवर ओळीने असतील तर एकच लांब टायमर लावा, फाइल मागाहून कापता येते. एका ट्यूनरच्या बॉक्सवर रेकॉर्डिंग चालू असताना दुसरी वाहिनी पाहता येते का, हेही नेहमी विचारलं जातं. काही येतात, काही नाही. ज्या वाहिन्या उपग्रहाच्या त्याच ट्रान्सपाँडरवर (अनेक वाहिन्या एकत्र पाठवणाऱ्या भागावर) आहेत तेवढ्याच दिसतात, बाकीच्यांना बॉक्स नकार देतो.

आपल्याकडे रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असते, आणि ती चांगलीच आहे. पण रेकॉर्डरला ती चालत नाही. बॉक्स रिमोटने झोपवायचा, बटण चालूच ठेवायचं. त्या बटणावर मी कागदाची पट्टी चिकटवली. घरातल्या सगळ्यांना सांगत बसण्यापेक्षा ती जास्त उपयोगी पडते.

लाइट जाण्यावर उपाय असलेला बॉक्स हवा असेल तर मागची पिन पाहा. काही बॉक्सना थेट २३० व्होल्टची वायर असते, काहींना बाहेरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर. मी दुसऱ्या प्रकारचाच घेते, कारण त्याला वायफाय राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावता येतो. अडॅप्टरवर लिहिलेला अँपिअरचा आकडा यूपीएसच्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी हवा, पिनची जाडी जुळायला हवी आणि मधलं टोक अधिक (+) असल्याची खूण दोन्हीकडे सारखी हवी. यूपीएस नको असेल तर निदान एवढी चाचणी करा: १० मिनिटांनंतरचा टायमर लावा, बटण बंद करा, दोन मिनिटांनी चालू करा आणि हात लावू नका. काही बॉक्स लाइट आल्यावर झोपेतच राहतात पण टायमर पाळतात; काही रिमोटची वाट पाहत बसतात. दुसरे कामाचे नाहीत.

पावसाळ्यात रेकॉर्डिंगमध्ये चौकोन आणि खाचा येतात त्या मुसळधार सरीच्या वेळच्या असतील तर इलाज थोडाच. पण पाऊस थांबल्यावरही येत असतील तर गच्चीवरचा जोड तपासा. मधली तांब्याची तार जोडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर, जाळीचा एकही तंतू तिला चिकटलेला नको. वर घट्ट रबरी टेप, आणि घरात शिरण्याआधी वायरला खाली एक झोका, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं.

दरवर्षी १ एप्रिलच्या आसपास फ्री डिशवरच्या वाहिन्यांची मांडणी बदलते, कारण जागांचे लिलाव वर्षाच्या हिशोबाने होतात. नव्याने स्कॅन केल्यावर वाहिन्यांचे क्रमांक सरकतात, पण टायमर जुन्याच क्रमांकाला धरून राहू शकतात आणि सह्याद्रीच्या जागी भलतीच वाहिनी रेकॉर्ड होते. स्कॅननंतर सगळे टायमर पुसून नव्याने लावा, आणि पहिल्या संध्याकाळी ठरल्या मिनिटाला रेकॉर्डिंगची खूण येते का आणि वाहिनी तीच आहे का, ते समोर उभं राहून पाहा.